तुझ्या आईनं माझ्या लेकाला काय वाढलं?

हा लेख लिहायला तीन रविवार बसलो आणि तिन्ही वेळा उठलो. कारण सोपं आहे. यातलं मुख्य पात्र मीच आहे आणि ते काही फार बरं वागलेलं नाही. आज मात्र लिहूनच टाकतो, उगाच ड्राफ्टमधे सडत ठेवण्यात अर्थ नाही.

तर झालं असं. २०२३ च्या उन्हाळ्यात मी ऑनसाईट होतो. ऑनसाईट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर न्यू जर्सी नाहीतर म्युनिक येतं. माझ्या नशिबात डकार होतं. सेनेगलची राजधानी, आफ्रिका खंडाचं अगदी पश्चिमेकडचं टोक. काम नेहमीचंच, टेलिकॉम बिलिंग. क्लायंटच्या बाजूनं टेस्टिंग बघणारा एकजण होता, माझ्याच वयाचा. त्याचं नाव इथे लिहीत नाही, आपण त्याला टेस्टर म्हणू. (माझ्या कोडमधे त्यानं इतके बग काढलेत की दुसरं नाव सुचतही नाही.) टेस्टर फुलानी. घर फेर्लोमधे, म्हणजे सेनेगलच्या उत्तरेकडच्या कोरड्या माळरानात, आणि घरचा धंदा गाई-शेळ्या-मेंढ्या.

१ मे २०२३ ला सोमवार होता. आपल्याकडे महाराष्ट्र दिन, त्यांच्याकडे कामगार दिन, दोघांनाही सुट्टी. टेस्टर म्हणाला, "मी गावी चाललोय. येतोस?" मी लगेच हो म्हटलं. डकारमधे मला रविवारी करायला होतं तरी काय?

जायच्या आधी मी तेच केलं जे आपण सगळे करतो. सर्च मारला. 'फुलानी' म्हटल्यावर दोन प्रकारचे फोटो येतात. एक म्हणजे नायजरमधल्या वोदाबे फुलानींचा गेरेवोल उत्सव. रंगवलेले चेहरे, डोळे वटारून आणि दात दाखवून ओळीत नाचणारे पुरुष, आणि त्यांच्यासमोर लेन्स घेऊन बसलेले पर्यटक. दुसरा प्रकार बातम्यांचा. नायजेरियात गुराखी आणि शेतकऱ्यांच्या मारामाऱ्या, जळलेली गावं. मालीत ओगोसागू नावाच्या गावात २३ मार्च २०१९ ला दीडशेहून जास्त फुलानी लोकांची कत्तल झाली, त्याचे फोटो. म्हणजे नाचणारे, नाहीतर मारणारे आणि मरणारे. सेनेगलपासून सुदानपर्यंत वीसेक देशांत पसरलेले हे कोट्यवधी लोक. त्यातले बहुतेक आता एका जागी राहतात. कुणी शेती करतं, कुणी मास्तर आहे, कुणी दुकानदार, कुणी माझ्या बिलिंगचे बग काढतं. त्यांचा फोटो कुणी काढत नाही. माझ्या आईनं फोनवर विचारलं, "धोका नाही ना रे?" मी म्हटलं, नाही. मनात थोडी धाकधूक होतीच, खोटं कशाला बोलू.

डकार ते लिंगेर साधारण तीनशे किलोमीटर. सात जणांना कोंबणारी जुनी प्यूजो टॅक्सी, आपल्या वडापची फ्रेंच बहीण. वाटेत टेस्टरनं मला एका दुकानात उतरवून चहा आणि साखर घ्यायला लावली. "रिकाम्या हातानं जायचं नाही," म्हणाला. हे मला ओळखीचं वाटलं. लिंगेरच्या पुढे एक पिकअप आणि शेवटी घोडागाडी.

फेर्लोत मे महिन्यात काय असतं? ऊन. पारा चाळिशीच्या वर, पाऊस जुलैशिवाय नाही. १९५० च्या दशकात फ्रेंचांनी इथे खोल बोअर पाडले. त्याआधी लोक पावसाळ्यात इथे यायचे आणि उन्हाळ्यात सेनेगल नदीकाठी परत जायचे. बोअर झाल्यावर वर्षभर राहता यायला लागलं. पण पाणी आलं म्हणून चारा येत नाही, तो पावसावरच. १९७२-७३ आणि १९८३-८४ च्या दुष्काळांत गुरं तडफडून मेली, त्या वर्षांच्या गोष्टी अजून सांगतात. बोअरवरून घरापर्यंत पाणी नेतात ते ट्रकच्या टायरच्या ट्यूबमधे भरून, गाढवाच्या गाडीवर. काळ्या फुगलेल्या मगरीसारख्या दिसतात त्या ट्यूबा. मी फोटो काढायला मोबाईल बाहेर काढला आणि गाडी हाकणारी मुलगी बघून परत खिशात टाकला. असेल नऊ-दहा वर्षांची.

पोचलो आणि नमस्कार-चमत्कार सुरू झाले. आपण कॉलेजात टीसीपीचा थ्री-वे हँडशेक शिकलो. इथे बारा-वे असतो. रात्र कशी गेली, घरचे कसे आहेत, अंग कसं आहे, गुरं कशी आहेत, उन्हाचं कसं काय... प्रत्येक प्रश्नाला उत्तर एकच, "जाम तान". म्हणजे फक्त शांतता, सगळं ठीक. घरात कुणी आजारी असलं तरी आधी जाम तान. खरी बातमी नंतर, बसल्यावर, चहा झाल्यावर. मला आधी हे वेळखाऊ वाटलं. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की तेवढ्या वेळात समोरचा माणूस आपल्याला नीट बघून घेतो, आणि आपणही त्याला.

तिथे माझं बारसंही झालं. आडनाव मिळालं 'बा'. (आता मी कुणाचा बा, असं नका विचारू. :-)) फुलानींमधे बा आणि दियालो या आडनावांत थट्टेचं नातं असतं. शेजारचे एक दियालो आजोबा लगेच म्हणाले, हा बा दिसतोय खरा, आल्यापासून नुसता खातोय. पंधरा मिनिटांपूर्वी मी परका होतो, आता माझी टर उडवायचा लोकांना हक्क मिळाला होता. त्यांच्या पुलार भाषेत पाहुण्याला 'कोडो' म्हणतात, आणि परक्या माणसालाही कोडोच म्हणतात. शब्द एकच. आपल्याकडे पाहुणा वेगळा आणि परका वेगळा. हा मुद्दा पुढे येणार आहे, लक्षात ठेवा.

आता माझे पराक्रम.

पहिला पराक्रम. टेस्टरच्या वडिलांना मी विचारलं, "तुमच्या गाई किती?" इंजिनिअर माणूस, आकडा कळल्याशिवाय चैन नाही. टेस्टरनं भाषांतर केलं, वडील हसून काहीतरी बोलले, पण उत्तरात आकडा नव्हता. नंतर बाजूला घेऊन म्हणाला, "मी वेगळंच विचारलं त्यांना. गाई किती, हे विचारत नाहीत. बँक बॅलन्स विचारतो का कुणी?" मी म्हटलं, आमच्या पुण्यात पहिल्या भेटीत पॅकेज विचारतात. तो म्हणाला, "हो, मला माहित्ये."

दुसरा पराक्रम. संध्याकाळपर्यंत माझ्या डोक्यात अख्खं स्टार्टअप तयार होतं. गाईंच्या गळ्यात जीपीएस, सॅटेलाईटवरून चारा, ॲपवर पाणवठे! टेस्टर शांतपणे म्हणाला की मालीत असलं काहीतरी २०१७ पासून आहे, 'गारबाल' नावाचं. फोन करून चारा-पाण्याची माहिती विचारता येते. आणि त्याचा भाऊ कळप घेऊन दक्षिणेला गेला होता, तो रोज रात्री वडिलांना फोन करून सांगतच होता की कुठे गवत आहे आणि कुठे शेतकऱ्यांशी भांडण व्हायची शक्यता आहे. अडचण माहितीची नाहीच. अडचण अशी की जुन्या वाटांवर शेतं झाली, कुंपणं आली, आणि गवत दिसतंय पण जायला वाट नाही. त्याला ॲप काय करणार? मी गप्प बसलो. सेनेगलमधे निदान लोक अजून बोलून मिटवतात. मालीत आणि नायजेरियात जिथे ते मिटेनासं झालं तिथे दोन्हीकडचे लोक मेलेत, आणि बातमीत नाव बहुतेक वेळा एकाच बाजूचं येतं.

मग रात्री जेवण. लाच्चिरी, म्हणजे बाजरीचा वाफवलेला बारीक सांजा, आणि त्यावर कोसाम, म्हणजे दूध. दुधाचा सगळा कारभार बायकांचा. गाई पुरुषांच्या असल्या तरी दूध कुणाला किती द्यायचं आणि बाजारात किती विकायचं, हे घरची बाई ठरवते. टेस्टरची आई, म्हणजे काकू, स्वतः भोपळ्याचं कोरलेलं भांडं घेऊन आल्या आणि माझ्यासमोर ठेवलं. काठोकाठ दूध. ऑफिसनं दिलेल्या आरोग्यपत्रकात ठळक अक्षरांत लिहिलं होतं, कच्चं दूध पिऊ नये. ते पत्रक बरोबरच होतं, कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिससारखे आजार होतात. मी टेस्टरकडे पाहिलं. तो म्हणाला, "उकळलंय. तू येणार म्हणून मी आईला आधीच सांगून ठेवलं होतं." प्यालो. धुराचा वास असलेलं, दाट, फार छान दूध.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध काढताना पाहिलं. कळप दक्षिणेला गेलेला, घरच्यासाठी म्हणून चार दुभत्या गाई मागे ठेवलेल्या. बरगड्या मोजता येतील अशा. आधी वासराला सोडायचं, पान्हा फुटला की ओढून बाजूला बांधायचं, मग काढायचं. एका गाईचं निघालं अर्धा लिटर, फार तर पाऊण. चार गाई, घरात अकरा माणसं. आकडेमोड मला करायची नव्हती, पण सवय वाईट. काल रात्री माझ्यासमोर जे भांडं आलं ते एका गाईचं अख्ख्या वेळचं दूध होतं. आणि ती ट्यूबची गाडी हाकणारी मुलगी, टेस्टरची भाची, हिनं काल कोरडी लाच्चिरी खाल्ली होती. मी तेव्हा पाहिलं होतं, पण मला कळलं नव्हतं.

पण मुख्य गोष्ट त्याच्याही नंतरची.

रविवारी आम्ही डाहराचा गुरांचा बाजार बघून आलो. रात्री सगळे चटईवर बसलेले. अताया सुरू होता, म्हणजे छोट्या पेल्यांतून तीनदा दिला जाणारा कडक हिरवा चहा. एका काकांनी मला तांदळाबद्दल धारेवर धरलं. सेनेगलमधे भात कणीचा करतात आणि ती कणी मोठ्या प्रमाणात भारतातून येते. सप्टेंबर २०२२ मधे भारतानं कणीची निर्यात बंद केली होती (बंदी उठली मार्च २०२५ मधे, मधे सरकारी कोट्यातून काही तांदूळ दिला गेला). काका म्हणाले, "आमच्या बायका कणी मागतात, दुकानदार म्हणतो इंडियानं थांबवली. का थांबवली?" मी म्हटलं, मी नाही थांबवली! सगळे हसले. मग काकूंनी काहीतरी विचारलं आणि हसणं थांबून सगळे माझ्याकडे बघायला लागले. टेस्टर खाली चटईकडे बघत म्हणाला,

"आई विचारत्ये, मी चार महिने तुझ्या गावाला होतो. तुझ्या आईनं मला काय काय वाढलं?"

इथे थोडं मागे जायला हवं. २०२२ च्या पावसाळ्यात टेस्टर नॉलेज ट्रान्सफरसाठी पुण्यात आला होता. चार महिने. कंपनीनं फ्लॅट शोधायला सुरुवात केली, तर दोन सोसायट्यांनी त्याचा फोटो बघून नकार दिला. तिसरीनं "फॅमिलीलाच देतो" म्हणून सांगितलं, आणि त्याच आठवड्यात एका बॅचलरला दिला. शेवटी त्याला हिंजवडीत गेस्ट हाऊसला ठेवलं. आम्ही टीममधले सगळे त्याच्याशी चांगले वागायचो बरं का. कँटीनमधे एकत्र जेवायचो, क्रिकेट समजावून सांगायचो. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात त्यानं मला विचारलं होतं, "दिवाळीत तुम्ही काय करता?" मी सांगितलं, घरी जातो, फराळ करतो, मजा. आणि मी सांगलीला निघून गेलो. ऑफिस बंद, कँटीन बंद. तो काय जेवला असेल हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. अगदी खरं सांगतो, पडलाच नाही. परत आल्यावर आईनं दिलेला चकल्यांचा डबा टीममधे फिरवला, त्यानं दोन खाल्ल्या. चार महिन्यांत माझ्या घरातलं त्याच्या पोटात गेलं ते एवढंच.

आणि आता त्याची आई मला विचारत होती. त्यात टोमणा नव्हता. मुलगा परमुलुखात गेला, तिथल्या मित्राच्या आईनं त्याला जेवू घातलंच असणार, तर काय घातलं एवढीच उत्सुकता. न बोलावण्याची शक्यता त्यांच्या डोक्यातच नव्हती.

मी तोंड उघडलं, पण त्यातून काही बाहेर पडेना. टेस्टर दोन-तीन सेकंद थांबला आणि मग माझी वाट न बघता स्वतःच बोलायला लागला. बोलता बोलता त्यानं वाळूवर बोटानं एक गोल काढला, मग त्याच्या आत आणखी गोल, आत आत जाणारे. चकली! चकलीचं वर्णन करत होता तो. काकू मान डोलवत ऐकत होत्या. मग त्यांनी माझा हात हातात घेतला आणि काहीतरी म्हणाल्या.

झोपायला जाताना मी विचारलं, काय सांगितलंस? म्हणाला, "जे खरं आहे ते. यांच्या मोठ्या सणाला याची आई स्वतःच्या हातानं एक पदार्थ करते, तो मला खायला मिळाला. फार चांगला होता." आणि आई काय म्हणाली? "तुझ्या आईचे आभार मान म्हणाली."

माझ्या प्रत्येक बगला सिव्हिॲरिटी वन लावणारा माणूस. हा एक बग त्यानं रिपोर्ट केला नाही.

फुलानींमधे 'पुलाकू' म्हणून एक गोष्ट सांगतात. फुलानीनं कसं वागावं याचा न लिहिलेला नियम. संयम, सोसणं, लाज बाळगणं, स्वतःचं दुःख चारचौघांत न काढणं, दुसऱ्याला लाजवेल असं न बोलणं. इंटरनेटवर यावर रकानेच्या रकाने वाचायला मिळतात. मला ते त्या वाळूवरच्या चकलीत कळलं.

निघताना मी पाकिटात पैसे घालून टेस्टरच्या हातात द्यायला गेलो. तो म्हणाला, ठेव. "चहा-साखर आणलीस ना? झालं." माझा हेतू चांगला होता, पण आता वाटतं मला हिशेब मिटवून निघायचं होतं. पैसे दिले की मी ग्राहक, ते हॉटेल, कुणाचं कुणावर काही बाकी नाही. पाहुणचारात बाकी राहावी लागते. ती बाकी उद्या तुमच्या दारात येते, तेव्हा ती तुम्ही फेडायची असते. आणि ती बाकी माझ्याकडे आधीपासूनच होती, फक्त मी वसुलीच्या दिवसापर्यंत बेखबर होतो.

आता काही जण म्हणतील (आमचा एक मित्र म्हणालाच), "तू उगाच त्यांना देवपण देतोयस." नाही देत. ती नऊ वर्षांची मुलगी शाळेत जात नव्हती, पाणी वाहत होती. पाहुणा आल्याचा मान घरच्या पुरुषांना आणि कष्ट काकूंना, अगदी आपल्यासारखंच. त्या समाजात कोण खानदानी आणि कोण कधीकाळच्या गुलामांच्या वंशातला, हे अजून लग्न जमवताना बघतात. हेही टेस्टरनंच सांगितलं, काही लपवलं नाही. यातलं काहीच मला चांगलं वाटत नाही. पण यातल्या कशामुळेही माझा फ्लॅट त्या चार महिन्यांत बंद का होता, याचं उत्तर मिळत नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. शहरात कसं जमणार? वन बीएचके, दोन रूममेट, मालकाच्या अटी, रविवार एकच मिळतो. मान्य. पण मग त्या चार गाईंचा हिशेब करा. त्यांनी आपल्या दिवसाच्या दुधातला केवढा वाटा दिला? तेवढाच वाटा मी माझ्या पगारातून किंवा माझ्या वीकेंडातून काढला तर तो केवढा होईल? एक वरण-भात आणि एक संध्याकाळ त्याच्या जवळपासही जात नाही. आपल्याकडे परवडत नाही हा प्रश्नच नाही. पाहुणा म्हणजे देव, हे आपण शाळेच्या भिंतीवर रंगवतो आणि सोसायटीच्या गेटवर फोटो बघून नाही म्हणतो. आपण आधी ठरवतो की हा पाहुणा की परका, आणि मग दार उघडतो. कोडो शब्दात ती सोयच नाही.

पुण्याला परत आल्यावर मी हे सगळं आईला सांगितलं. वाटलं होतं, गहिवरेल. ती भडकली. "चार महिने ते पोर इथं होतं? दिवाळीत एकटं? आणि तू मला बोलला नाहीस? त्याच्या आईला काय तोंड दाखवू मी?" दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. मग पुढच्या महिन्यात आमच्यातला एकजण डकारला जाणार होता, त्याच्या बॅगेत आईनं दोन किलो भाजणीच्या चकल्या कोंबल्या. एक डबा टेस्टरला, एक त्याच्या आईला.

तीन आठवड्यांनी टेस्टरचा मेसेज आला. डबा फेर्लोत पोचला. चकल्यांचा चुरा झाला होता. आईनं तो दुधात घालून सगळ्यांना वाटला, भाचीला जास्त. आणि विचारलंय, आता करणारी बाई कधी येणार?

मी लिहिलं, सांगतो आईला. बाकी जाम तान.

तुमच्या ऑफिसात, तुमच्याच मजल्यावर, या क्षणी असा कुणीतरी असेल. डकारचाच असेल असं नाही, इंफाळचा असेल, लातूरचा असेल. उद्या सोमवार आहे. कँटीनमधे नको, घरी या म्हणा.